वाफ्याखालची शिल्लक

मंडळी, दसरा झाला की आपल्या इंदुरात घरोघरी आवराआवर सुरू होते. माळ्यावरचं सामान खाली येतं, पंखे पुसले जातात, पडदे धुवायला पडतात. ज्यांच्याकडे अजून अंगण शिल्लक आहे, त्यांची नजर मग बागेकडे वळते. चार महिने पावसानं जे वाढवलं ते सगळं आता अंगावर आल्यासारखं वाटतं. तेरडा आडवा झालेला, झिनियाची बोंडं काळी पडलेली, कॉसमॉस एकमेकांच्या गळ्यात पडलेला, आणि वाफ्याच्या कडेच्या विटा गवतात हरवलेल्या. माळीदादा कुदळ टेकवून विचारतात, "मॅडम, सब साफ कर दूँ?"

या महिन्याचं सदर त्या एका प्रश्नाविषयी आहे.

स्वच्छता आपल्या अंगवळणी पडली आहे. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतं. त्यामुळे झाडलेला, नुसती माती दिसणारा वाफा बघितला की आपल्याला बरं वाटतं. पण घर आवरणं आणि बाग आवरणं यात एक फरक आहे. घरात जे दिसतं तेवढंच असतं. बागेत निम्मा संसार मातीखाली असतो आणि वरचं पान हे त्या संसारातलं कमावतं माणूस असतं. कुणाचं पान कापायचं आणि कुणाचं राखायचं हे कळलं, की वसंतातल्या फुलांचं अर्धं काम झालं.

काय काढायचं, काय ठेवायचं

आधी सोपं. तेरडा, झिनिया, कॉसमॉस, दसऱ्याचा झेंडू ही हंगामी झाडं. बी धरलं की त्यांचं आयुष्य संपलं. ती खुशाल काढा, पण मुळासकट उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं जागच्या जागी कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पाणी आणि हवा खाली जाते. माळव्याच्या चिकट काळ्या मातीत अशा वाटा मोलाच्या असतात. तेरड्याची फुगलेली बोंडं कापण्याआधी कागदाच्या पिशवीत धरा. हात लागताच ती फुटतात आणि बी उडतं. एखाद्या कोपऱ्यातल्या गवताचे तुरे दोन-तीन आठवडे राहू द्या. मुनियांचे थवे येतात, आणि पोरांना मोबाइलवरून नजर वर उचलायला एक कारण मिळतं.

गाजरगवत मात्र फुलायच्या आत मुळासकट काढायचं, तेही हातमोजे घालून. त्यानं अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं.

आणि आता सगळ्यात चिवट पाहुणा, मोथा. दिवाळीच्या उटण्यात आपण जो सुगंधी नागरमोथा घालतो, त्याच घराण्यातला हा. वरून साधं गवत दिसतं. उपटलं की पातं हातात येतं आणि आठवड्याभरात त्याच जागी दुसरं पातं उभं असतं. खाली खणून बघा. दोऱ्यात ओवल्यासारख्या लहान लहान काळपट गाठी सापडतील. प्रत्येक गाठीत अन्न साठवलेलं असतं. वरचं पान गेलं की गाठ साठ्यातून खर्च करते आणि नवं पान पाठवते. ते पान उन्हात कमावतं आणि खर्च भरून काढतं. म्हणजे महिन्यातून एकदा मोथा उपटणं म्हणजे त्याला सावकाश कमवायला वेळ देणं. तो दमवायचा असेल, तर गाठी हातानं वेचा आणि उरलेल्याचं पान दर दहा-बारा दिवसांनी, साठा भरायच्या आत काढत राहा. एक-दोन हंगामांत त्याची शिल्लक संपत येते.

हेच गणित आता उलट्या बाजूनं वाचा. ज्याचा आपल्याला कंटाळा आहे त्याचं पान काढून आपण त्याला कंगाल करतो. मग ज्याचं फूल हवं आहे, त्याचं पान कापून काय होईल?

कंद म्हणजे काय

‘बल्ब’ या एका नावाखाली नर्सरीवाले चार वेगवेगळ्या गोष्टी विकतात. त्या ओळखायला स्वयंपाकघर पुरे. लाल लिली, म्हणजे जिला कॅटलॉगमध्ये अमरिलिस म्हणतात ती, आणि नर्गिस ही कांद्याच्या जातीची ठेवण: पापुद्र्यावर पापुद्रा. ग्लॅडिओलस हा अळकुडीसारखा भरीव गोळा. डेलियाची रताळ्यासारखी फुगलेली मुळं. भुईचाफा आल्यासारखा आडवा वाढणारा. रचना निरनिराळी, पण काम एकच: चांगल्या दिवसांत साठवायचं आणि वाईट दिवसांत मातीखाली गप्प बसायचं.

यातली गंमत अशी, की लिली किंवा नर्गिसचा चांगला पोसलेला कंद लावताना त्याच्या पोटात पुढच्या हंगामाचं फूल बारीक रूपात आधीच तयार असतं. आपण माती, पाणी, ऊन देतो ते ते फूल बाहेर काढायला. ते घडलेलं असतं आदल्या मोसमातल्या पानांच्या कमाईवर. लाल लिलीचा हिशेब तर फारच सरळ आहे. साधारण दर चार पानांमागे एक फुलाचा दांडा ती आत तयार करते. म्हणून ऑक्टोबरात पसरलेली, कडा पिवळ्या पडलेली ती लांब पानं गबाळी दिसली तरी त्यांना कात्री लावायची नाही. पूर्ण पिवळी होऊन, हलकं ओढल्यावर आपण होऊन सुटतील तेव्हाच काढायची. काही जण त्यांची वेणी घालून रबर लावतात. दिसायला नेटकं दिसतं, पण पानाला ऊन मिळत नाही. तेही नको.

भुईचाफा आणि मे महिन्यात लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली यांची पानं थंडीत पूर्ण नाहीशी होतात. जागा रिकामी वाटते आणि कुदळ नेमकी तिथेच पडते. पानं दिसतायत तोवरच बाजूला आइस्क्रीमची काडी रोवून ठेवा. आम्ही ऑफिसात कोडमध्ये कॉमेंट लिहितो, ‘हे काढू नका, कुणीतरी वापरतंय.’ तसंच.

आमच्या वाफ्याचं

हे सगळं यंदा आमच्या घरी जरा जास्तच जवळचं झालंय.

रामबागेतल्या आमच्या घराचा सौदा झाला. एप्रिलअखेर ताबा द्यायचा आहे. आई-बाबा आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला येणार. काका पुण्याला, आत्या बडोद्याला, माझा चुलतभाऊ ग्वाल्हेरला. एवढं मोठं घर, गळणारं छत आणि दोन म्हातारी माणसं. निर्णय बरोबर आहे, त्यावर कुणाचंच दुमत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत असे निर्णय होऊन गेलेत किंवा होऊ घातलेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्या अंगणात आजीच्या लाल लिलीचा वाफा आहे. १९७४ साली शेजारच्या काकूंनी तिला एक कंद दिला होता. आजी तो कधी विकत आणल्यासारखा बोलायची नाही. "ती मला मिळालीय," म्हणायची. दर तीन-चार वर्षांनी पिल्लं सुटी करून ती वाफा पुढे सरकवत गेली. कुंपणापासून निघालेली लिली आता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आहे.

या वर्षी पाऊस उघडल्यावर बाबा म्हणाले, "माळ्याला सांग, सगळं काढून टाक. सोडून जायचं घर, त्यात आता काय लावायचं?" मग थोड्या वेळानं, पेपर वाचता वाचता, "वाफे मोकळे असले की निघणं सोपं जातं."

आई काही बोलली नाही. संध्याकाळी नळी घेऊन लिलीला पाणी घालत उभी राहिली.

मी काय बोलणार? दारातला आंबा नेता येत नाही. विहिरीचं तोंड गेली कित्येक वर्षं फरशीखाली आहे, तीही नेता येत नाही. पण कंद नेता येतो. तो मुळात प्रवासाला निघण्यासारखाच घडलेला असतो. पानं उतरवतो, मुळं आखडतो आणि शिदोरी पोटात घेऊन बसतो. मी बाबांना लिलीजवळ नेऊन ते चार पानांचं गणित सांगितलं. बाबा बँकेत पस्तीस वर्षं होते. हिशेब म्हटला की त्यांचा चेहरा बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हातात वही, आणि स्टुलावर बसून एकेका लिलीची पानं मोजणं चाललेलं. "या कोपऱ्यातल्या आठ पानांच्या आहेत," मला म्हणाले. "म्हणजे दोन दांडे."

मग आम्ही एप्रिलपर्यंतचं वेळापत्रक मांडलं. तेच इथे देते. घर सोडायचं नसलं, तरी माळव्यात कुणालाही उपयोगी पडेल.

कधी, काय, कसं

पहिलं काम मातीची परीक्षा. वीतभर रुंद आणि हातभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, आणि ते पाणी जिरल्यावर पुन्हा एकदा भरा. रात्रभरात पाणी उतरलं तर उत्तम. सकाळीही तसंच साचलेलं असेल, तर कंद थेट जमिनीत लावू नका, कुजतील. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. गव्हा-हरभऱ्याला ते वरदान आहे, कंदाला नाही. कडेला विटा लावून वाफा वीतभर उंच करा आणि त्यात दोन भाग माती, एक भाग जाडसर रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट असं मिश्रण भरा. ताजं शेण कधीही नको.

दुसरं, घाई नको. ऑक्टोबरचं ऊन अजून तापतंय. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं, पहाटे गार वारा सुटला, की समजा वेळ आली. साधारण दिवाळीच्या आसपास.

ग्लॅडिओलस आपल्याकडे सगळ्यात खात्रीचा. चार-पाच सेंटिमीटर व्यासाचे, हाताला जड आणि टणक लागणारे कंद निवडा. दाबल्यावर मऊ पडणारे किंवा बुरशी दिसणारे नकोत. आठ ते दहा सेंटिमीटर खोल, पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतरावर लावा. सगळे एकदम न लावता दर पंधरा दिवसांनी थोडे लावले, तर फुलं दीड-दोन महिने पुरतात. जातीप्रमाणे सत्तर ते शंभर दिवसांत फूल येतं. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेलं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. फुलाचा दांडा कापताना झाडावर किमान चार पानं ठेवा. का, ते आता तुम्हाला सांगायची गरज नाही. आपण लावलेला जुना कंद ग्लॅडिओलस फुलवताना संपून जातो. त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो, आणि भोवती हरभऱ्याएवढी पिल्लं. ती पोसायला फुलानंतर सहा ते आठ आठवडे लागतात. पानं पिवळी पडली की काढायचं, सावलीत सुकवायचं, जाळीच्या पिशवीत टांगून ठेवायचं. म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. आमच्या ताब्याच्या तारखेच्या आत हे बसतं.

रॅननक्युलस आणि अॅनिमोन यांचे कंद बघून पोरं "ई, कोळी!" म्हणतात, इतके ते सुकलेले आणि वेडेवाकडे असतात. काही तास पाण्यात भिजवा, फुगतील. रॅननक्युलसच्या नख्या खाली करून तीन-चार सेंटिमीटर खोल लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. फ्रीजियाही याच वेळची, आणि तिचा वास गॅलरी भरून टाकतो. नर्गिसमधली पांढऱ्या झुपक्यांची जी जात आहे, तिला कडक थंडी लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे ती कुंडीत चांगली येते.

निशिगंध मात्र आत्ता लावायचा नाही. त्याची वेळ फेब्रुवारी-मार्च. आत्ता फक्त जुनी बेटं ओळखून ठेवा आणि डिसेंबरपासून त्यांचं पाणी कमी करा.

लाल लिलीची बेटं तीन-चार वर्षांत दाटली असतील तर सुटी करा. आमच्यासारखं कुंडीत हलवायचं असेल, तर वीस सेंटिमीटरची कुंडी पुरते. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. हिरवी पानं आणि मुळं तशीच राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी बेताचं, फेब्रुवारीत दांड्याचं टोक दिसलं की वाढवायचं. हलवलेली लिली कधी कधी एक वर्ष रुसते. रुसू द्यावी, पानं चांगली ठेवली की परत येते.

एक सूचना लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरांसाठी. लिली आणि नर्गिसचे कंद विषारी असतात, आणि ते दिसतात थेट कांद्यासारखे. सुकवायला ठेवताना स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका.

ट्यूलिपचं काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण दरवर्षी मोबाइलवर श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचे फोटो येतात. झबरवानच्या पायथ्याशी, दल सरोवरासमोर २००७ साली सुरू झालेली ती बाग खरोखर बघण्यासारखी आहे. तिथले कंदही शरद ऋतूतच लावतात. फरक त्यानंतरच्या महिन्यांत आहे. ट्यूलिपला फुलण्यासाठी साधारण बारा ते सोळा आठवडे सलग गारवा लागतो, फ्रीजमध्ये असतो तेवढा. काश्मीरची जमीन तो फुकट देते. आपल्याकडे जानेवारीतल्या काही रात्री कडक असल्या, तरी दुपारी स्वेटर काढावाच लागतो.

दिल्लीत हिवाळ्यात रस्त्याकडेला ट्यूलिप दिसतात, ते आधी गारवा देऊन तयार केलेल्या कंदांचे. तसे कंद मिळाले तर इंदुरातही एकदा फुलतील. पण फूल गेल्यावर ट्यूलिपच्या पानांना पुढचा साठा भरायला कित्येक आठवडे सौम्य हवा लागते, आणि आपला मार्च ती देत नाही. पान अर्ध्या कमाईतच जळतं. कंद आक्रसतो, पुढच्या वर्षी एक पान येतं आणि संपतं. म्हणून हौस असेल तर ट्यूलिप आणा, गुच्छ आणल्यासारखा आणा. फ्रीजमध्ये गारवा देणार असाल, तर त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. आणि ऑनलाइन फोटोत गडद निळा ट्यूलिप दिसला, तर पैसे खिशात ठेवा. खरा निळा ट्यूलिप अजून कुणीही तयार केलेला नाही.

इतर गावच्या वाचकांसाठी: ग्वाल्हेरची थंडी आमच्याहून कडक, तिथे ग्लॅडिओलस आणि रॅननक्युलस जोमानं येतात. बेळगावच्या लाल मातीत पाणी लवकर निचरतं, त्यामुळे रेती कमी, कंपोस्ट जास्त. गोव्यात हिवाळ्याची वाट बघण्यापेक्षा भुईचाफा, पावसाळी लिली आणि हळद-आल्याच्या कुळातली फुलझाडं जवळ करा. ती तिथल्या दमट हवेत सुखानं नांदतात.

आवरलेलं जातं कुठे?

आता त्या ढिगाकडे वळू. वाळका तेरडा, कॉसमॉसच्या काड्या, आंब्याचा पाला. कचरागाडी दारात येते म्हणून तो द्यायचाच असं नाही. या पाल्याच्या विद्येत आपल्या गावाचं नाव जगभर घेतलं जातं. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी ते उलथून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची रीत त्यांनी इथे बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनीही ती संस्था जाऊन पाहिली होती. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. आपण त्या रस्त्यानं रोज जातो, आणि शाळेत हे आपल्याला फारसं कुणी सांगितलेलं नसतं.

घरच्या घरी एवढंच करा. सावलीच्या कोपऱ्यात आधी जाड काड्यांचा थर, त्यावर सुका पाला, त्यावर हिरवा कचरा, त्यावर शेणकाला किंवा जुनं कंपोस्ट, थोडी माती, चिमूटभर राख. पुन्हा तसेच थर. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा आणि तीन महिन्यांत तीन वेळा वरखाली करा. कीड-बुरशी लागलेली पानं, बी धरलेलं गाजरगवत आणि मोथ्याच्या गाठी यात टाकू नका. दिवाळीत रचलेला ढीग जानेवारीअखेर तयार होतो. कंदांची पानं कमावण्याच्या भरात असतात ती हीच वेळ. ऑक्टोबरात जे वाफ्यातून निघालं, ते फेब्रुवारीत त्याच वाफ्यात परत.

आमच्या बाबतीत ते कुंड्यांत जाईल. मागच्या रविवारी आम्ही लिली सुटी केली. लहानमोठे धरून ६३ कंद निघाले. माझी मुलगी धुवायला बसली, आई निवडायला. बाबांनी काड्यांवर मार्करनं लिहिलं: पुणे ८, बडोदा ८, ग्वाल्हेर ६, आपली गॅलरी १२. बाकीचे शेजारपाजारचे, आणि तुमचे. निवडताना आईनं पाच चांगले मोठे कंद बाजूला काढले आणि परत वाफ्यात लावले. तिथे बेसमेंट खोदणार आहेत, हे तिला माहीत आहे. बाबांनी वहीत त्यापुढे फक्त ‘५’ लिहिलं.

तर मंडळी, एक प्रस्ताव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, गाळण्या लुटतो आणि त्या सगळ्यांच्याच घरी आधीच पाच-पाच असतात. जानेवारी हा लिली आणि निशिगंधाच्या कंदांचा विसाव्याचा काळ. हातातून हातात द्यायला याहून चांगली वेळ नाही, आणि फेब्रुवारीत लावायला ते तयार असतात. यंदा वाण म्हणून कंद देऊ या. ज्यांची अंगणं राहिली आहेत त्यांनी आणावेत, ज्यांची गेली आहेत त्यांनी गॅलरीत सहा तास ऊन येणारा कोपरा बघून ठेवावा. प्रत्येक कंदाबरोबर एक चिठ्ठी असू द्या: कुणाच्या घरचा आहे, कधीपासून आहे, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका.’

आमचे २४ कंद तयार आहेत. चिठ्ठ्या बाबा लिहिणार आहेत.